म्हापशाच्या बाजारातली पिल्ले: जात पारखा, तलंग त्याहून नीट पारखा

शुक्रवारच्या म्हापसा बाजारात कोंबडीची पिल्ले मिळतात, फार महाग पडत नाहीत आणि विक्रेते हातात घेऊन बघू देतात. एवढ्यासाठी पाचपैकी तीन तारे. दोन कापले ते "सगळ्या तलंगाच आहेत" या एका वाक्यासाठी (तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी). महिन्याच्या आतल्या मिश्र पिल्लांच्या पाटीबद्दल असे छातीठोक कुणालाच सांगता येत नाही, विक्रेत्यालाही नाही.

नर-मादी पहिल्या दिवशी ओळखता येते, पण ते हॅचरीतल्या, म्हणजे यंत्रावर पिल्ले उबवणाऱ्या केंद्रातल्या, सरावलेल्या हाताचे काम. गुदद्वार हलके उघडून आतला बारीक उंचवटा बघायची जपानी पद्धत एक दिवसाच्या पिल्लापुरतीच चालते. पंखांवरून ओळखायची पद्धत पहिल्या दोन-तीन दिवसांची, आणि तीही आईबापांची जोडी मुद्दाम तशी जुळवलेली असेल तरच. त्यात मादीची उडायची पिसे वरच्या झाकणाऱ्या पिसांपेक्षा स्पष्ट लांब असतात, नराची सारखी किंवा आखूड. गावठी पिल्लाला हा नियम लावून काही उपयोग नाही. मानगूट धरून उचलल्यावर पाय आखडले तर मादी, लांबट अंड्यातून नर, हे ठोकताळे नाणे उडवण्याइतकेच खरे ठरतात.

गुलाबी-हिरव्या रंगवलेल्या पिल्लांबद्दल मात्र अंदाज सोपा आहे. ती बहुतेक पांढऱ्या अंड्यांच्या लेअर, म्हणजे फक्त अंड्यांसाठी पाळायच्या, जातीचे नर असतात. हॅचरीला नर नको असतात, म्हणून ते इतके स्वस्त सुटतात. अंड्यांसाठी घेऊ नका, मटणासाठी पोसायला काढलेत तर खाद्याचा खर्चही वसूल होणार नाही. तपकिरी अंडी देणाऱ्या संकरित लेअरमध्ये रंगच लिंग सांगतो: मादी पिल्लू तांबूस, नर पिवळट-पांढरा. म्हणून "तपकिरी लेअर" म्हणून पिवळे पिल्लू पुढे केले तर परत पाटीत ठेवा.

गावठी ओळखायची ती एका पिल्लावरून नव्हे, अख्ख्या पाटीवरून. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीखालून आलेली पिल्ले एकासारखी एक नसतात. कुणाचे पाय काळपट, कुणाचे पिवळे, अंगावर पट्टे, ठिपके, वयातही आठ-दहा दिवसांचा फरक. पाटीभर एकाच मापाची, एकाच तांबूस छटेची पिल्ले दिसली तर ती यंत्रात उबवलेली, बहुधा सोनाली किंवा कावेरीसारख्या सुधारित वाणाची. सोनाली म्हणजे ऱ्होड आयलंड रेड जातीचा नर आणि फायोमी जातीची मादी यांचा संकर. पक्षी वाईट नाही, अंडी गावठीपेक्षा जास्तच देते, पण खुडूक बसून पिल्ले काढेल या भरवशावर गावठीचा भाव मोजू नये. चोचीचे टोक भाजून बोथट केलेले दिसले तर तो माल पिंजऱ्यासाठी तयार केलेला. परसात किडे वेचताना त्याची पंचाईत होते. उघड्या मानेचे पिल्लू "वेगळी जात" म्हणून दाखवतात. ते एका जनुकाचे काम आहे, साध्या गावठी कळपातही तसे पिल्लू निघते.

वनराजा आणि ग्रामप्रिया या दोन्ही सुधारित जाती हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या. वनराजा मांस आणि अंडी दोन्हींसाठी, वर्षाला साधारण १००-११० अंडी. ग्रामप्रिया अंगाने हलकी, बहुतेक तपकिरी, अंड्यांत तिच्या पुढे, १६० च्या वर. दोघींची अंडी तपकिरी. वनराजाची पिल्ले रंगीबेरंगी असल्याने रंगावरून ना जात कळते ना लिंग; इथे तराजू कामाला येतो. नीट खाऊ घातलेली सहा आठवड्यांची वनराजा ६०० ग्रॅमच्या पुढे जाते, त्याच वयाची गावठी तिच्या निम्मीही भरत नाही. वयाची खात्री डोक्यावरून करा. महिन्याच्या पिल्लाचे अंग पिसांनी भरते, पण डोक्यावर आणि मानेवर लव असते. सहाव्या आठवड्यापर्यंत तीही जाते. डोक्यावर लव आणि तोंडाने "दीड महिना", असे जमत नाही.

सगळ्यात जास्त घोळ कडकनाथमध्ये, म्हणजे काळ्या कातडीच्या आणि काळ्या मांसाच्या जातीत. नाव घेतले की भाव चढतो, म्हणून प्रत्येक काळे पिल्लू कडकनाथ होते. पिसांचा काळा रंग काही सिद्ध करत नाही. काळ्या ऑस्ट्रेलॉर्प जातीचीही पिसे काळीच, पण कातडी आणि तळवे पांढरट. कडकनाथ बघताना चोच उघडून जीभ आणि टाळू बघा, पंखाखालची पिसे फुंकून कातडी बघा, पायाचा तळवा उलटा करून बघा. तिन्ही ठिकाणी काळसर-निळसर छटा हवी. बोटे चारच हवीत; पाच दिसली तर त्यात सिल्की जातीचे रक्त आहे. ओल्या फडक्याने पायाची नळी पुसून रंग सुटतो का ते बघायला लाजू नका. आणि अंडी काळी असतात यावर विश्वास ठेवू नका, ती फिकट तपकिरी असतात.

संकरातली एक गंमत विक्रेत्यांनाही सहसा ठाऊक नसते. कडकनाथ नर आणि पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांची कोंबडी अशी जोडी असेल तर पिल्लांत काळ्या कातडीच्या निघतात त्या माद्या, उजळ निघतात ते नर. कातडीचा काळेपणा दाबणारे जनुक लिंगगुणसूत्रावर असते आणि कोंबडी ते फक्त मुलग्यांना देते. जोडी उलटी केली, म्हणजे कोंबडी कडकनाथ आणि नर उजळ पायांचा, की सगळीच पिल्ले उजळ. काळपट पायांच्या गावठी कोंबडीवर मात्र हा हिशेब लागत नाही. शुद्ध कडकनाथमध्ये नर-मादी ओळखणे उलट अवघड, कारण तुरा लाल होण्याची वाट बघण्यात अर्थ नसतो. तो गडदच राहतो. तिथे फक्त आकार बघायचा.

बाकी जातींत, जिथे तुरा एकेरी आणि करवतीसारखा असतो, पाचव्या-सहाव्या आठवड्यात बरेच उघड होते. एकाच वयाची चार-पाच पिल्ले शेजारी ठेवा. नराचा तुरा बुडाशी रुंद, लालसर आणि उंच होऊ लागतो, चोचीखालची लोंबती कातडीही रंग धरते. मादीचा तुरा बारीक आणि पिवळट. नराची नळी जाड. जड जातींत तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मादीला शेपटी फुटलेली असते आणि नर बुडाला भुंडा दिसतो. रानकोंबडीसारख्या रंगाच्या गावठीत छाती बघा: मादीची फिकट तांबूस, नराच्या छातीत काळी पिसे डोकावतात आणि खांद्यावर लाल डाग उमटतात. असील या झुंजीच्या जातीच्या रक्ताची पिल्ले यात फसवतात. त्यांचा तुरा ठेंगणा आणि तीन ओळींचा, उशिरा लाल होणारा, त्यामुळे नर मादी म्हणून खपून जातो. पक्की खूण दहा-बारा आठवड्यांची: शेपटीच्या मुळाशी पाठीवरची पिसे नराची अरुंद आणि टोकदार, मादीची गोलसर. पायाच्या काट्यावर जाऊ नका, तो म्हाताऱ्या कोंबडीलाही येतो.

म्हणून एक महिन्याचे पिल्लू थोडे स्वस्त मिळत असले तरी सहा-आठ आठवड्यांचे घेणे फायद्याचे. घासाघीस करायची तर नराच्या बदल्यात तलंग बदलून देण्याच्या बोलीवर करा, दहा रुपयांवर नको. वाणाची खात्रीच हवी असेल तर जुन्या गोव्यात एला येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथे आधी चौकशी करून बघावी. वाट बघावी लागली तरी जातीवरून वाद घालावा लागत नाही.

लसीबद्दल विचारलेत तर बाजारात "सगळ्या दिल्या" हेच उत्तर मिळते. तारखा विचारा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस पहिल्या आठवड्यात, गंबोरो रोगाची दोन आठवड्यांच्या सुमारास, लासोटाचा दुसरा डोस चौथ्या आठवड्यात, देवीची लस सहाव्यात. उत्तर अडखळले तर लस दिली नाही असे धरून गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. पावसाळ्यात घ्यायचे तर आधी शेपटीखालची पिसे बघा. तिथे लेप चिकटलेला किंवा पाटीतल्या विष्ठेत रक्त असेल तर रक्ती हगवण असू शकते, आणि एका पाटीत राहिलेली बाकीचीही मग संशयित. घरी आणल्यावर दोन आठवडे जुन्या कोंबड्यांपासून लांब, कोरड्या भुशावर, वेगळ्या खुराड्यात.