ओठ उलले की काय लावावं? तूप, खोबरेल, मुठेल की व्हॅसलिन

दिवाळी सरून पहाटेचा गारठा पडायला लागला की आमच्या नाशकात आधी ओठ उलतात, मग टाचा. माझी सात वर्षांची भाची त्या दिवसांत सारखी ओठ चाटते आणि आठवडाभरात तिच्या तोंडाभोवती लाल कडं उठतं. ओठांना तेलग्रंथी नसतात आणि वरची कातडीही पातळ. थुंकी वाळताना होता तो ओलावाही जातो, ओठ आणखी ओढतात आणि जीभ पुन्हा बाहेर येते. म्हणून ओठांना काही लावायचं तर मी दोनच गोष्टी बघते: ते किती वेळ टिकतं आणि जीभ त्याच्यामागे जाते का.

साजूक तूप घरात असतंच, आणि रात्री झोपताना मोठ्यांसाठी मला ते आवडतं. लहान मुलांना मात्र चव लागते. भाचीने लावलेलं तूप दोन मिनिटांत चाटून संपवलं होतं. खोबरेल तेल साधारण 24-25 अंशांच्या खाली गोठतं, पण ओठावर टेकवताच पातळ होऊन पसरतं. त्यामुळे ते टिकत नाही, दिवसातून कितीतरी वेळा लावावं लागतं.

मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. कोकणातली माणसं ते टाचांच्या भेगांत भरतात. बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळतात, वर तरंगलेलं तेल काढतात आणि थिजत आलं की मुठीत दाबून त्याचे गोळे वळतात. ते अंगाच्या उष्णतेच्या आसपास, 38-40 अंशांना वितळतं, म्हणून ओठावर त्याचा घट्ट थर राहतो. पण गोळा तसाच ओठावर घासू नका, उललेल्या कातडीला तो खरवडतो. नखाएवढा तुकडा चमच्यात घेऊन दिव्यावर धरायचा, कोमट झाला की बोटाने टेकवायचा. रात्रीसाठी याच्याइतकं चांगलं घरगुती काही मला सापडलेलं नाही. कोकणात कुणी ओळखीचं असेल तर जरूर मागवा.

दिवसा आणि मुलांसाठी साधं, बिनवासाचं व्हॅसलिन घ्या. त्याला चव नाही, म्हणून जीभ तिकडे जात नाही. ते स्वतः ओलावा देत नाही, असलेला अडवून धरतं. कोरड्या ओठावर लावलं तर निम्मा उपयोग वाया जातो. तोंड धुवा, ओठ नुसते टिपा आणि ओलसर असतानाच लावा.

लिप बाम घ्यायचा तर डबीमागचं बारीक अक्षर वाचा. मेन्थॉल, कापूर, दालचिनी असेल तर ठेवून द्या. गार वाटतं, पण उललेल्या ओठाला ते झोंबतं. उन्हात हिंडणाऱ्यांनी मात्र एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्त असलेलाच घ्यावा, कारण ऊन अडवायचं काम वर सांगितलेल्या कशानेही नीट होत नाही.

मध गोड, तो चाटलाच जातो. वर्षाच्या आतल्या बाळाच्या ओठाला तर कधीच लावू नका. नुसतं ग्लिसरीन कोरड्या हवेत ओठातलंच पाणी ओढतं, गुलाबपाण्यात मिसळलं तर ठीक. लिंबू-साखरेने ओठ घासणं साफ चूक आहे. पापुद्रेही सोलू नका, रक्त येतं. बेंबीत तेल घालायला माझी हरकत नाही, पण बेंबीतून ओठापर्यंत तेल पोचायला वाटच नाही.

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ उलणारच, ते गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. चिरा फक्त तोंडाच्या कोपऱ्यांत असतील तर तुपाने भागणार नाही. तिथे बुरशी असू शकते, किंवा लोह वा बी जीवनसत्त्वं कमी पडलेली असतात. आणि वर्षानुवर्षं शेतात, उन्हात राबलेल्या माणसाच्या खालच्या ओठावर पांढरट, खरखरीत चट्टा आला आणि दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊनच जा.