प्रिंट की ब्रेकपॉइंट?

कोड एरर देत नाही, पण उत्तर चुकतंय. अशा वेळी हात आधी प्रिंटकडे जातो, आणि त्यात गैर काही नाही. संशय एकाच व्हेरिएबलवर असेल तर प्रिंटच झटपट. पायथॉन ३.८ पासून एफ-स्ट्रिंगच्या (अवतरणचिन्हाआधी f लावलेल्या मजकुराच्या) महिरपी कंसात नावापुढे बरोबरचं चिन्ह टाकलं की नाव आणि किंमत दोन्ही छापली जातात. स्ट्रिंग अवतरणचिन्हांसकट दिसते, त्यामुळे ५ हा आकडा आहे की मजकूर, हे लगेच कळतं. इनपुटमधून आलेल्या किमतींचा निम्मा घोळ इथेच असतो!

पण चूक कुठे आहे हेच ठाऊक नसेल, तर प्रिंट दमवतं: प्रत्येक नव्या प्रश्नाला पुन्हा रन. तिथे मी सरळ ब्रेकपॉइंट() लिहितो. ही सोय ३.७ मध्ये आली. प्रोग्राम तिथेच थांबतो, पीडीबी हा पायथॉनचा डीबगर (चूक शोधायचं साधन) उघडतो आणि हवं ते विचारता येतं. ‘एन’ने पुढची ओळ, ‘एस’ने फंक्शनच्या आत. लूप मोठा असेल तर आधी इफची अट घाला, नाहीतर पुढे चालू ठेवण्यासाठी दर फेरीला ‘सी’ दाबून बोटं दुखतील.

थ्रेड्सच्या, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या, भानगडीत मात्र थांबवल्यानेच चूक गायब होऊ शकते. तिथे लॉगिंग, म्हणजे न थांबवता नोंदी लिहीत जाणं, बरं.