बी.आय.एस. केअर अ‍ॅप : ऑनलाइन हेल्मेट घेणाऱ्यांसाठी आवश्यक

सांगली-मिरज रस्त्यावर रोज दुचाकीने ये-जा करणाऱ्यासाठी बनावट हेल्मेट म्हणजे जिवाशी खेळ आहे, म्हणून भारतीय मानक ब्युरोचे हे मोफत अ‍ॅप मला फार मोलाचे वाटते. एका ऑनलाइन दुकानातून आलेल्या हेल्मेटवर आय.एस.आय. चिन्ह ठळक होते, चिन्हाच्या वर आय.एस. ४१५१ हा मानक क्रमांकही होता. मात्र खालचा सी.एम./एल. परवाना क्रमांक अ‍ॅपमध्ये टाकताच तो भलत्याच उत्पादकाच्या नावावर निघाला. मी हेल्मेट त्याच दिवशी परतीला लावले.

केवळ ‘परवाना चालू आहे’ एवढे वाचून थांबू नये, कारण खऱ्या परवान्याचा क्रमांक उचलून खोट्या मालावर छापता येतो. उत्पादकाचे नाव, पत्ता आणि वस्तूचा प्रकार हे तिन्ही खोक्यावरील मजकुराशी जुळवून पाहावेत. दागिन्यांवरील हॉलमार्कसोबतचा, अंक-अक्षरे मिळून सहा चिन्हांचा एच.यू.आय.डी. क्रमांकही (प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) येथे तपासता येतो, आणि तक्रारही नोंदवता येते.

उणीव एकच, पण मोठी : विक्रीच्या पानावरील छायाचित्रांत परवाना क्रमांक क्वचितच वाचता येतो, त्यामुळे पडताळणी बहुधा माल हाती आल्यावरच होते. तोवर विक्रेत्याचे नाव-पत्ता पाहावा. तो दाखवणे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारक आहे. विक्रेता परतावा नाकारू लागला, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी.