पुण्याच्या थंडीत खेळायला जाताना: स्वेटर, फ्लीस की फुगीर जॅकेट?

डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा पहाटे साधारण ११-१२ अंशांवर असतो, एखाद्या आठवड्यात एक आकडी होतो आणि त्याच दिवशी दुपारी २८-३० पर्यंत चढतो. मुलांसाठी गरम कपडे घेताना एवढा एक फरक डोळ्यांपुढे ठेवला, तरी दुकानातले निम्मे पर्याय बाद होतात. शिवाय शिवाजीनगरच्या वेधशाळेतला आकडा म्हणजे सगळं पुणे नव्हे. एनडीए, पाषाण, हवेलीकडे गारठा जास्त असतो आणि मगरपट्टा, वडगाव शेरीला त्याच पहाटे पारा काही अंश वर असतो. बावधनच्या ताईनं घेतलं म्हणून हडपसरच्या बहिणीनं तेच जाड जॅकेट घ्यायचं कारण नाही.

माझं मत आधीच सांगते. पुण्यात धावणाऱ्या-खेळणाऱ्या मुलाला एक जाड कपडा घेऊ नका, सहज काढता-घालता येतील असे दोन-तीन पातळ कपडे घ्या. ऊब कापडाच्या वजनात नसते, थरांमध्ये अडकून राहिलेल्या हवेत असते. लपाछपी किंवा क्रिकेट सुरू झालं की दहा मिनिटांत अंग तापतं, घाम येतो आणि तो घाम कपड्यात मुरून राहिला की खेळ थांबल्यावर खरी हुडहुडी भरते. म्हणून काय घालायचं याइतकंच काय काढता येतं हे पाहायला हवं.

या कसोटीवर सगळ्यात कमी उतरतं ते फुगीर जॅकेट, ज्याला मुलं पफर म्हणतात. दिसायला छान, हाताला मऊ आणि घरात सगळ्यात महाग. संध्याकाळी साडेपाचला कुठल्याही सोसायटीच्या मैदानावर नजर टाका, थोड्याच वेळात बाकावर जॅकेटांचा ढीग झालेला दिसेल. त्यातलं एखादं तिथेच विसरतं ते वेगळंच. मनाली-शिमल्याची सहल ठरली असेल तर नातेवाइकांकडून मागून आणा. रोजच्या खेळासाठी त्यात पैसे घालू नका, कारण वाढत्या वयाचं मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर उंच होतं आणि पुढच्या दिवाळीला त्याच जॅकेटच्या बाह्या मनगटाच्या वर गेलेल्या असतात.

खरी निवड आहे ती स्वेटर आणि फ्लीस (मऊ, लवदार कापडाचा वरचा कपडा) यांच्यात.

स्वेटर म्हणताना आपण दोन वेगळ्या वस्तूंना एकच नाव देतो. शुद्ध लोकरीचा स्वेटर घाम शोषूनही अंगाला ओला लागत नाही आणि आगीजवळ सहज पेट घेत नाही. पण तो महाग असतो, काही मुलांना टोचतो आणि गरम पाण्यात धुतला की आटतो. दिवाळीनंतर रस्त्याकडेला तिबेटी विक्रेत्यांचे स्टॉल लागतात, तुळशीबाग-लक्ष्मी रोडला ढीग येतात, त्यातले मुलांचे स्वेटर बहुतेक ॲक्रिलिकचे असतात. ते वाईट नाहीत. हलके, रंगीत, मशीनमध्ये धुता येणारे, आणि घासाघीस करता येते. मात्र वाऱ्यावर ते जाळीसारखे निघतात आणि महिनाभरात काखेत, कोपरावर गोळे येतात. विक्रेता 'प्युअर वूल' म्हणत असेल तर शिवणीतला सुटलेला एक धागा घरी आणून मोठ्या माणसानं चिमट्यात धरून बेसिनवर जाळून पाहावा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. ॲक्रिलिक वितळून त्याची काळी, टणक गाठ होते.

त्या गाठीकडे नीट पाहा, कारण फ्लीसचंही तसंच होतं. फ्लीस म्हणजे पॉलिस्टर. हलका, अतिशय ऊबदार, पाणी जवळजवळ न पिणारा, रात्री धुऊन पंख्याखाली टाकला तर सकाळी घालता येणारा. डेकॅथलॉनसारख्या खेळाच्या दुकानात मुलांचा साधा, अर्ध्या चेनचा फ्लीस मिळतो आणि एका बऱ्यापैकी पफरच्या पैशात बहुधा फ्लीस आणि वर बिनबाह्यांचा स्वेटर असं दोन्ही बसतं. रोज मैदानावर जाणाऱ्या मुलासाठी मी डोळे झाकून फ्लीस सुचवीन. पुढची चेन खाली ओढली की अर्धी ऊब बाहेर, वर केली की आत. चार वर्षांचं मूलही हे स्वतः करू शकतं आणि डोक्यावरून ओढायच्या स्वेटरपेक्षा हा मोठा फायदा आहे. पण सोसायटीत शेकोटी पेटली असेल तर फ्लीस, ॲक्रिलिक, नायलॉन घातलेल्या मुलाला तिच्या जवळ बसवू नका. ठिणगी पडली तर हे कापड वितळून कातडीला चिकटतं. शेकोटीच्या रात्री वर जाड सुती शर्ट किंवा लोकरीचा स्वेटर असावा आणि अंतर तरीही राखावं.

बिनबाह्यांचा स्वेटर मात्र हल्ली उगाच मागे पडलाय. छाती-पाठ गरम, हात मोकळे, खांद्यातून बॉल टाकायला अडचण नाही. आजीनं किंवा मावशीनं विणून दिला तर फारच उत्तम. विणणाऱ्यांना एकच विनंती करा: खालचा काठ थोडा लांब विणा आणि त्याच लोकरीचा एक गुंडा जपून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी टाके उचलून चार बोटं वाढवता येतात. एका स्वेटरला दोन हिवाळे सहज मिळतात.

थर्मलबद्दल थोडक्यात. तो अंगाला चिकटून असतो, मैदानावर काढता येत नाही. सिंहगडाच्या पायथ्याशी रात्री तंबूत राहायचं असेल तर घ्या, एरवी आत साधा पूर्ण बाह्यांचा सुती टी-शर्ट पुरतो. तो घामानं ओला झाला तर बदलायला दुसरा पिशवीत असू द्या.

आता पुण्याची खास गोष्ट. आपल्याकडे मुलाला सगळ्यात जास्त थंडी मैदानावर नव्हे, मैदानाकडे जाताना स्कूटरवर लागते. सकाळी साडेसहाला तळजाईला निघालात तर पुढे उभ्या असलेल्या मुलाच्या छातीवर सरळ वारा बसतो आणि त्यापुढे सगळ्यात जाड स्वेटरही कुचकामी ठरतो. त्यासाठी नवीन काही घ्यायची गरज नाही. जूनमध्ये घेतलेलं विंडचीटर कपाटातून काढा आणि स्वेटरवर चढवा. पोचलात की डिकीत टाका, कारण ते घालून धावलं की आत घामाची वाफ कोंडते. मुलाला हेल्मेट कायद्यानेच हवं, त्यात कानही झाकले जातात. आत जाड कानटोपी घातली तर हेल्मेट सैल बसतं, म्हणून ती उतरल्यावर द्या. मफलर स्कूटरवरही नको आणि घसरगुंडीवरही नको, तो अडकून गळा आवळला जाऊ शकतो. हुडीची गळ्याची नाडीही याच कारणानं ओढून काढून टाकावी.

जुने कपडे मिळत असतील तर निःसंकोच घ्या. मोठ्या चुलत भावाचा फ्लीस, शेजारच्या काकूंनी जपलेला स्वेटर, बुधवार-रविवारचा जुना बाजार, सगळं चालतं. पेटीतल्या कपड्यांना डांबर गोळ्यांचा वास असेल तर मात्र आधी धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात टाका, मगच मुलाच्या अंगावर घाला. त्या गोळ्यांमधलं नॅप्थलीन तान्ह्या बाळांना, विशेषतः रक्तपेशींना जपणाऱ्या जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्यांना, खरंच अपाय करतं. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

मूल पुरेसं गरम आहे का, हे हाताला हात लावून कळत नाही. खेळताना बोटं गारच असतात. मानेच्या मागे, कॉलरच्या आत दोन बोटं घाला. तिथे कोमट आणि कोरडं लागलं तर कपडे बरोबर आहेत. ओलसर लागलं तर एक थर काढा, मग आजूबाजूचे आजी-आजोबा काहीही म्हणोत. सर्दी विषाणूंमुळे होते, स्वेटर काढल्यानं नाही. कडेवरच्या बाळाची गोष्ट निराळी, ते स्वतः धावत नाही, म्हणून त्याला आपल्यापेक्षा एक थर जास्त लागतो.

पैसे मोजकेच असतील आणि एकच वस्तू घ्यायची असेल तर पुढून पूर्ण उघडणारा, एक माप मोठा फ्लीस घ्या, बाह्या दुमडून वापरता येतात. वडगाव शेरी-मगरपट्ट्याकडे राहत असाल आणि मूल फक्त संध्याकाळी खेळत असेल तर तोही नको, स्टॉलवरचा बिनबाह्यांचा स्वेटर भरपूर झाला. आणि घाई नसेल तर जानेवारीच्या शेवटी स्टॉलवर एक चक्कर मारा. विक्रेत्यांना उरलेला माल परत न्यायचा नसतो, तेव्हा पुढच्या वर्षाच्या मापाचं तेव्हाच घेऊन ठेवा.