पॉम्पेई: मत नसलेल्या बायकांचं राजकारण वाचण्याची वाट

रोमन बाईला मत नव्हतं आणि निवडणुकीला उभं राहता येत नव्हतं. तरी इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या इटलीतल्या या रोमन शहरात बायकांनी राजकारणात किती हात घातला होता, ते दगडावर आणि भिंतींवर लिहिलेलं आहे. एवढ्या एका विषयासाठी पॉम्पेई पाहायचं तर पोर्ता मरीना दरवाजाने आत जा आणि अँफिथिएटरच्या बाजूने बाहेर पडा. चार तास पुरतात. नेपल्सच्या गारिबाल्दी स्थानकातून सोरेंतोकडे जाणारी लोकल पकडून ‘पॉम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी’ला उतरा, दरवाजा समोरच आहे. तिकीट नावावर निघतं आणि दिवसाला 20,000 प्रवेशांची मर्यादा आहे, म्हणून आधीच काढा. 30 x 30 x 15 सेंमीपेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही.

फोरमच्या, म्हणजे शहराच्या मुख्य चौकाच्या, पूर्वेला यूमाकियाची इमारत आहे. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. यूमाकिया नगराची सार्वजनिक पुजारीण. ही भलीमोठी वास्तू तिने स्वतःच्या पैशाने बांधली आणि स्वतःच्या व मुलाच्या नावाने अर्पण केली, असं शिलालेख सांगतो. त्यात तिचं नाव आधी, मुलाचं नंतर. अर्पण कोणाला, तर पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या घराण्याशी जोडलेल्या कॉन्कॉर्डिया (एकोपा) आणि पिएतास (कर्तव्यनिष्ठा) या देवतांना. रोममध्ये त्याची पत्नी, सम्राज्ञी लिव्हिया हिच्या नावाच्या ओवरीत कॉन्कॉर्डियाचंच देऊळ होतं, तेव्हा हा धागा सरळ राजघराण्यापर्यंत जातो. मुलगा राजकारणात येणार असेल तर आईच्या या बांधकामाइतका मोठा प्रचार दुसरा नाही. बहुतेक लोक दाराच्या संगमरवरी चौकटीवरच्या वेली आणि पक्षी पाहून पुढे जातात. त्यांचं चुकतं ते इथेच, कारण तोच शिलालेख लहान आकारात अबुंदान्झा रस्त्याकडच्या बाजूच्या दारावर आहे आणि तो डोळ्यांच्या टप्प्यात येतो. आतला पुतळा नक्कल आहे. कापड धुणाऱ्या कारागिरांनी तिच्यासाठी उभारलेला मूळ पुतळा नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. संग्रहालय मंगळवारी बंद असतं.

आता अबुंदान्झा रस्त्याने पूर्वेकडे चाला. असेलिनाचं खानावळवजा दुकान याच रस्त्यावर आहे, ओट्यात पुरलेल्या रांजणांसकट. बाहेरच्या भिंतीवर असेलिना आणि तिच्याकडच्या एग्ले, मारिया, झ्मिरिना यांच्या नावाने उमेदवारांसाठी आवाहनं रंगवलेली होती. वाचण्याची रीत सोपी आहे: मोठ्या लाल अक्षरांत उमेदवाराचं नाव, मग पद (ईडाइल असेल तर ए-ई-डी), मग ‘याला निवडून द्या’ अशी विनंती सांगणारी ओ-व्ही-एफ ही तीन अक्षरं, आणि पाठिंबा देणाऱ्याच्या नावापाशी आर-ओ-जी, म्हणजे ‘विनंती करते’. ईडाइलकडे रस्ते आणि बाजाराची देखरेख असे. खानावळ चालवणाऱ्या बाईला त्या जागी कोण बसतो याची फिकीर असणारच. शहरात अशी अडीच हजारांहून अधिक आवाहनं सापडली. त्यांत तेदिया सेकुंदा नावाच्या आजीने नातवासाठी लिहून घेतलेलंही आहे. ते वाचताना प्रचार घरातूनच कसा सुरू होई, हे लख्ख कळतं.

खरी अडचण रंगाची आहे. चुन्यावरचा लाल रंग उघड्यावर टिकत नाही, त्यामुळे पुष्कळ मजकूर आज दिसतच नाही किंवा पुसट दिसतो. घरूनच छापील मजकूर आणि भिंतीचे जुने फोटो घेऊन या, नाहीतर हा टप्पा वाया जाईल. दुपारच्या तिरप्या उन्हात मजकुरावरच्या संरक्षक काचेवर चकाकीही येते, म्हणून इथे सकाळीच पोहोचा.

युलिया फेलिक्सचा वाडा पुढे उजव्या हाताला आहे. स्नानगृह, दुकानं आणि माडीवरच्या खोल्या पाच वर्षांच्या भाड्याने देण्याची तिची जाहिरात प्रसिद्ध आहे. मालमत्ता बाईच्या हातात असल्याचा पुरावा म्हणून पाहा, पण रेंगाळू नका.

शेवटी पोर्ता नोचेराबाहेरची दफनभूमी. यूमाकियाची समाधी शहरातली सगळ्यात मोठी, आणि लेख अगदी छोटा: ‘स्वतःसाठी व आपल्या माणसांसाठी’. ऊन सोसत नसेल तरी हा टप्पा गाळू नका. टोपी आणि जाड तळव्यांचे बूट मात्र हवेतच, कारण रस्त्याचे दगड घासून गुळगुळीत झाले आहेत.

दुसरी पुजारीण मामिया हिची समाधी उलट्या टोकाला, हर्क्युलेनियम दरवाजाबाहेर आहे: अर्धगोल दगडी बाक, आणि जागा नगरपरिषदेच्या ठरावाने दिल्याचा लेख. ती याच फेरीत बसवू नका. शहराबाहेरच्या व्हिला देई मिस्तेरी या वाड्याकडे जाल तेव्हा ती वाटेतच लागते.