लिनक्स मिंट २२ टाकलं, आता सॉफ्टवेअर कुठनं टाकायचं? : वापरून बघितलेला रिव्ह्यू

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तवापासनं ज्याला त्याला एकच प्रश्न, नवा कॉम्प्युटर घ्यायला लागतंय का ओ. आमच्या दाजींचं सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट आहे, तिथल्या ऑफिसचा पीसी सहाव्या जनरेशनचा आय फाईव्ह, आठ जीबी रॅम, एसएसडी, चालायला एकदम टकाटक, पण विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासनं पुढचाच प्रोसेसर लागतो त्यामुळं तो बाद. चांगलं मशीन भंगारात घालायचं जिवावर आलं म्हणून त्याच्यावर लिनक्स मिंट २२, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टिम, त्यातलं सिनॅमन नावाच्या डेस्कटॉपवालं, टाकून दिलं. इन्स्टॉल कसं करायचं ते मी सांगत बसत नाही, व्हिडिओ ढिगानं पडलेत, फक्त इन्स्टॉल करताना मल्टिमीडिया कोडेकचं विचारतंय तिथं टिक मारा म्हणजे नंतर व्हिडिओ चालंना म्हणून बोंबलायला नको. माणूस अडकतो ते त्याच्या पुढं, सॉफ्टवेअर टाकताना, म्हणून हा रिव्ह्यू मेन म्हणजे मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरचा.

पहिलं म्हणजे विंडोजची सवय सोडायची. गूगलवर नाव टाकायचं, पहिली लिंक दाबायची, नेक्स्ट नेक्स्ट करायचं आणि सोबत दोन फुकटचे अँटीव्हायरस घरात घ्यायचे, हे इथं नाही. मेनूत सॉफ्टवेअर मॅनेजर उघडायचा, शोधायचं, इन्स्टॉल दाबायचं, पासवर्ड द्यायचा. त्या सॉफ्टवेअरला अजून जे काय बारीकसारीक लागतंय ते तो स्वतःच ओढून आणतो, आणि पुढचे अपडेटपण सगळ्यांचे एकाच ठिकाणी, अपडेट मॅनेजरमध्ये येतात. मला ही पद्धत विंडोजपेक्षा लई सरस वाटली. आणि टाकायच्या आधी मेनू नीट बघा, कारण लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, थंडरबर्ड, पीडीएफ बघायचं, स्कॅन करायचं, हे सगळं आधीच बसवलेलं असतं. पत्रं, कोटेशन, ईमेल एवढंच ज्याचं काम त्याला वेगळं टाकायला फारसं काही उरतच नाही.

आता घोळ कुठं होतो सांगतो. जिंप (फोटो एडिट करायचं) शोधलं तर एकाच सॉफ्टवेअरला दोन पर्याय दाखवतो, सिस्टिम पॅकेज आणि फ्लॅटपॅक, आणि नवा माणूस तिथंच थांबतो की आता कुठलं दाबू. सिस्टिम पॅकेज म्हणजे उबंटू २४.०४ ह्या दुसऱ्या लिनक्सच्या साठ्यातलं, कारण मिंट २२ त्याच्यावरच उभं आहे, ते लहान असतं, सिस्टिममध्ये व्यवस्थित बसतं, पण व्हर्जन जुनं राहतं, जिंपच घ्या, साठ्यात २.१० आहे आणि फ्लॅटपॅकमध्ये ३ ची मालिका. फ्लॅटपॅक फ्लॅटहब ह्या वेगळ्या ऑनलाइन साठ्यावरनं येतं, नवं कोरं असतं, पण पहिलं फ्लॅटपॅक टाकताना त्याचा रनटाईम, म्हणजे ते चालायला लागणारा पाया, म्हणून काहीशे एमबी जास्तीचे उतरतात, ते बघून मोबाईलच्या हॉटस्पॉटवर बसलेल्या माणसाला घाम फुटतो. दुसऱ्या तिसऱ्याला एवढं लागत नाही, तोच रनटाईम वाटून वापरतात. शिवाय फ्लॅटपॅक जरा कोंडून ठेवलेलं असतं, कधी पेन ड्राइव्हमधली फाईल त्याला दिसत नाही, मग फ्लॅटसील नावाचं छोटं टूल टाकून परवानगी द्यायची.

माझा हिशोब सरळ आहे. व्हीएलसीसारखं रोजचं असंल तर सिस्टिम पॅकेज, जिथं नवीन व्हर्जनचा खरंच फरक पडतो तिथं फ्लॅटपॅक. दाजींच्या पोराला टॉवेलच्या लेबलची डिझाईन करायला इंकस्केप पाहिजे होतं, त्याला फ्लॅटपॅक दिलं, खूष आहे. कोरलच्या जुन्या फाईली त्यात उघडतात पण फॉन्ट आणि मांडणी जशीच्या तशी येईल ह्या भरवशावर छपाईला देऊ नका.

अजून एक, मिंट २२ पासनं ज्या फ्लॅटपॅकची, ते मूळ बनवणाऱ्यानंच टाकलंय का ह्याची, खातरजमा झालेली नाही ती मुळात लपवून ठेवतात. म्हणून काही ओळखीची नावं सापडतच नाहीत आणि लोक म्हणतात लिनक्सवर काहीच मिळत नाही. सेटिंगमधनं ती दाखवता येतात, पण ते कुणी बनवलंय बघितल्याशिवाय टाकू नका, बँकेचं काम करता त्या मशीनवर तर नाहीच नाही. क्रोम पाहिजे असंल तर गूगलच्याच साइटवरनं डेब फाईल, म्हणजे मिंटवर चालणारी इन्स्टॉलची फाईल, घ्या, डबल क्लिक केलं की बसतं आणि पुढचे अपडेट बाकीच्यांबरोबरच येत राहतात. व्हॉट्सॲपला वेगळं काही शोधत बसू नका, मिंटमध्ये वेब ॲप्स म्हणून छोटं टूल आहे, त्यात व्हॉट्सॲप वेबचा पत्ता टाकला की मेनूत आयकॉन येतो. पार्टीला बिलाची पीडीएफ पाठवायला तेवढं बास.

मराठीचं विचारतील सगळे. इनस्क्रिप्ट ह्या सरकारी कीबोर्डवाल्यांना काही टाकायला लागत नाही, कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउटच्या यादीत भारताखाली मराठी आहे, तेलुगू आणि कन्नडपण तिथंच, म्हणजे सोलापूरचं काम एका यादीत भागलं! इंग्रजी स्पेलिंगवरनं मराठी टायपायची सवय असंल तर आयबस हे टायपिंगचं टूल आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाकायला लागतं. पण श्रीलिपीवर लग्नपत्रिका करणाऱ्या डीटीपीवाल्यांनी ह्या फंदात पडू नये. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड, म्हणजे कुठंही सारखा दिसणारा, नाही, फॉन्ट नसंल तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आणि ते सॉफ्टवेअर विंडोजचंच आहे.

तीच गत टॅलीची. दिवाणजींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "टॅली कुठंय ह्याच्यात?" नाही, लिनक्सवर टॅलीच नाही. वाईन, म्हणजे विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवायचं टूल, त्याच्यावर चालवणारे आहेत, मला माहितीय, पण वर्षाचा हिशोब ज्याच्यात आहे त्याच्याशी असला खेळ मी करणार नाही. टॅलीचा पीसी वेगळा विंडोजवरच ठेवलाय आणि हा मिंटवाला ईमेल, कोटेशन, लेबल आणि जीएसटी पोर्टलला. प्रिंटरचंपण आधी बघून घ्या, नवे नेटवर्कवाले बहुतेक आपोआप सापडतात, आमचा जुना लेझर मात्र (कंपनीचं नाव घेत नाही) ड्रायव्हर शोधून शोधून हैराण करून गेला.

सॉफ्टवेअर टाकायला सुरुवात करायच्या आधी मिंटमधल्या टाइमशिफ्ट टूलनं सिस्टिमचा एक स्नॅपशॉट काढून ठेवा, काही बिघडलं तर सिस्टिम मागं नेता येते, पण त्यात तुमच्या स्वतःच्या फाईली मुळात धरलेल्या नसतात, त्यांचा बॅकअप वेगळा घ्या. सॉफ्टवेअर सोर्सेसमध्ये जाऊन वेगाचा मिरर, म्हणजे डाउनलोडचा सर्व्हर, निवडा, डाउनलोडला चांगला फरक पडतो. आणि अपडेट चालू असताना दुसऱ्या खिडकीतनं इन्स्टॉल दाबलं की ते थांबून राहतं, हँग झालं म्हणून पीसीचं बटण दाबून बंद करू नका की ओ, दाजींनी तेच केलं होतं.

मार्क द्यायचे तर पाचपैकी चार. एक कापला तो त्या दोन पर्यायांच्या घोळासाठी, नव्या माणसाला तिथं एका ओळीत सांगायला काय जात होतं. पैसे शून्य, २२ च्या मालिकेला सपोर्ट २०२९ पर्यंत, रॅम चार जीबी असली तरी चालतंय.