कापडी डायपर, बोअरचं पाणी आणि नाशिकचा श्रावण

कापडी डायपर घ्यावेत का, असं कुणी विचारलं की मी उलट दोनच गोष्टी विचारतो. नळाला पाणी कसलं येतं, आणि गॅलरीत ऊन किती वेळ असतं. कंपनी कुठली, छाप कसली, बांबू की कॉटन, हे सगळं नंतर. आमची मुलगी आता धरून धरून पावलं टाकते. तिचा पहिला हिवाळा, उन्हाळा आणि अख्खा पावसाळा या डायपरांवर गेला. घरात कामाची वाटणी अशी की वरून आत जातं ते बायकोचं खातं, खालून बाहेर येतं ते माझं. तेव्हा हा अनुभव धुणाऱ्याचा आहे. डायपर गोंडस दिसतात का, हे दुसऱ्या कुणाला तरी विचारा.

आमच्याकडे अठरा पॉकेट डायपर आहेत, चार नुसती कव्हरं आहेत आणि मलमलीच्या चौकोनी लंगोटांचा ढीग आहे. पॉकेट डायपर म्हणजे बाहेरून पीयूएल, म्हणजे पॉलियुरेथेनचा पापुद्रा चिकटवलेलं कापड. आतून मऊ फ्लीस. आणि दोन्हींच्या मधल्या खिशात शू शोषणारे पॅड. यातले काही बारशाच्या आहेरात आले, बाकीचे घेतले. मलमल मेन रोडवरून मीटरवर आणली आणि आईने तिची लंगोटं शिवली. राहतो नाशिकला, पाथर्डी फाट्याजवळ, मशीन फ्रंट लोड आहे. धुण्याच्या मावशींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, ‘दादा, शी-शूचं मी धुणार नाही.’ बरोबरच आहे त्यांचं.

आता मूळ मुद्दा, शी.

बाळ फक्त आईच्या दुधावर असतं तोवर काम सोपं असतं. ती शी पातळ असते, पाण्यात विरघळते, वासही फारसा नसतो. काही जण ते डायपर तसेच मशीनमध्ये टाकतात. मी नाही टाकत, कारण त्याच मशीनमध्ये माझे शर्टही जातात. उष्टावण झालं आणि नाचणीचं सत्त्व, वरणभात, केळं सुरू झालं की प्रकरण बदलतं. नाचणीची शी चिकट आणि गडद, फ्लीसला धरून बसते. लोहाचे थेंब चालू असतील तर काळपट हिरवी. केळ्यानंतर शीमध्ये बारीक काळे दोरे दिसतात. आई ते बघून घाबरली होती, जंत झाले म्हणाली. ते केळ्याचेच धागे असतात, बाळ ठणठणीत असतं.

माझी पद्धत अशी. डायपर काढल्या काढल्या आधी खिशातले पॅड बाहेर ओढायचे. मग डायपरची वरची कड धरून तो कमोडमध्ये खोलवर, भांड्याच्या भिंतीला टेकवून धरायचा आणि जेट तिरका, वरून खाली मारायचा. जेटचा कॉक आधीच अर्धा बंद केलेला बरा. पूर्ण जोराने सरळ मारलात तर शिंतोडे थेट चष्म्यावर येतात. घट्ट शी असेल तर ती नुसती झटकूनच पडते, पाणीसुद्धा लागत नाही. जे निघेल ते संडासातच गेलं पाहिजे, मोरीत नाही. बऱ्याच इमारतींत मोरीचं पाणी वेगळ्या पाइपने जातं, आणि तिथे शी सोडली की खालच्या जाळीत अडकून वास सुटतो.

हे पहिलं पाणी थंडच हवं. गरम पाण्यात अंडं घट्ट होतं तसं शीतलं प्रथिनही धाग्यात घट्ट बसतं, आणि मग डाग निघता निघत नाही. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा पहाटे सहाला हे काम करताना बोटं बधिर होतात. रबरी हातमोजे घ्या, लाजू नका.

एवढं झालं की डायपर हवेशीर, जाळीच्या टोपलीत. पाणी भरलेल्या बादलीत भिजत ठेवायची जुनी सवय पुष्कळ घरांत आहे. आईचाही तोच आग्रह होता. पण एक तर त्या पाण्यात जंतू वाढतात, वास मुरतो आणि इलॅस्टिक लवकर सैल होतं. दुसरं म्हणजे रांगतं मूल घरात असताना मोरीत भरलेली बादली ठेवणं खरोखर धोक्याचं आहे. चार बोटं पाणीसुद्धा बाळाला बुडायला पुरतं. या एका मुद्द्यावर मी घरात ऐकून घेतलं नाही.

मशीनमध्ये दोन फेऱ्या. पहिली छोटी, थंड पाण्याची, थोडीशी पावडर घालून. दुसरी लांब, पॅड आणि लंगोटांसाठी ६० अंशांवर, पूर्ण मापाची पावडर घालून. पीयूएलची कव्हरं मात्र ४० अंशांवरच, नाहीतर आतला पापुद्रा सुटायला लागतो. फ्रंट लोड मशीन वजन पाहून पाणी घेतं, म्हणून चारच डायपर टाकले तर ते जेमतेम ओले होतात. ड्रम साधारण दोन तृतीयांश भरला की कापडावर कापड घासतं आणि धुणं नीट होतं. डायपर कमी पडले तर टॉवेल, दुपटी घाला. पावडर एन्झाइमवाली घ्यावी. प्रथिनं तोडणारं एन्झाइम शीच्या डागावर हवंच. सॉफ्टनर अजिबात नको. त्याचा थर बसून पॅड शोषेनासे होतात. डेटॉलसारखं जंतुनाशक रोज घालायची गरज नाही. आईने सुचवलेल्या निळीचा तर डायपरला काहीच उपयोग नाही, तिने पांढरेपणाचं नुसतं सोंग येतं.

पिवळ्या डागाबद्दल सगळेच विचारतात. दूधपित्या बाळाच्या शीचा पिवळा रंग बराचसा बिलिरुबिनचा असतो. नवजात बाळाला कावीळ झाली की निळ्या दिव्याखाली ठेवतात ना, तेच हे रंगद्रव्य, आणि ते प्रकाशाने मोडतं. त्यामुळे धुतलेला पॅड ओला असतानाच, डागाची बाजू वर करून उन्हात टाकायचा. एप्रिलच्या उन्हात दुपारपर्यंत डाग शोधावा लागतो. घासायचे, ब्लीचचे कष्ट कशाला? बाळ मोठं होऊन शी तपकिरी झाली की मात्र हा खेळ इतका चालत नाही, फिकट सावली उरते. उरू दे. मी डाग बघतच नाही, कोरडा पॅड नाकाला लावून वास घेतो. वास आला तर धुणं कमी पडलं.

आणि उन्हाळ्यात तो वास येऊ लागला. त्याचं कारण पाणी.

नाशिकला महापालिकेचं पाणी गंगापूर आणि मुकणे धरणांचं, त्यात साबणाला छान फेस येतो. पण आमच्यासारख्या सोसायट्यांत स्वयंपाकघराच्या नळाला महापालिकेचं आणि बाथरूम-मशीनच्या नळांना बोअरचं अशी सोय असते. हा सगळा काळ्या कातळाचा, बेसॉल्टचा प्रदेश. त्यातून येणारं बोअरचं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. हिवाळ्यात दोन्ही पाणी एकत्र करून सोडत होते तेव्हा कळलं नाही. एप्रिल-मेमध्ये निव्वळ बोअर आणि टँकर सुरू झाले, आणि पॅड वाळल्यावर पापडासारखे कडक व्हायला लागले. वर शू टाकली तर आधी तरंगते, मग हळूहळू आत जाते. सकाळी रात्रीचा डायपर काढला की डोळ्यांत पाणी येईल असा अमोनियाचा वास. शूतल्या युरियापासून जंतू अमोनिया बनवतात, आणि नीट न निघालेला मळ हा त्यांचा मुक्काम.

होतं असं की जड, म्हणजे अशा क्षारांच्या पाण्यातलं कॅल्शियम पावडरीचा मोठा हिस्सा आधीच खाऊन टाकतं, मळासाठी उरतं थोडं. साबणाची वडी किंवा किसलेला साबण वापरलात तर आणखी वाईट, कॅल्शियमबरोबर त्याची राखाडी साय बनून धाग्यांवर बसते. म्हणून ‘कापडी डायपरना अर्धा चमचाच पावडर घाला’ हा जो सल्ला सगळीकडे फिरतो, तो धरणाच्या मऊ पाण्यात कदाचित खपेल, बोअरच्या पाण्यात त्याने वाट लागते. डायपरबरोबर आलेल्या माहितीपत्रकात तापमान होतं, इस्त्री नको होतं, सावली-ऊन होतं. पाण्याविषयी चकार शब्द नव्हता. या वस्तूबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच.

पाणी जड आहे की नाही हे बघायला टीडीएस मीटर पुरत नाही, आरओवाले दाखवतात तो. तो सगळे क्षार एकत्र मोजतो. पाण्याचा कडकपणा, म्हणजे हा जडपणा, मोजायचं किट वेगळं मिळतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कडकपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत सूट. किट नको असेल तर बाटलीत पाणी आणि किसलेला साबण घालून हलवा. फेसाऐवजी दुधी पाणी आणि वर साय दिसली की समजा.

आम्ही तीन गोष्टी केल्या. पावडर पूर्ण माप, किंचित वरच. कडक झालेले पॅड आणि लंगोटं बादलीभर कोमट पाण्यात मोठा चमचा लिंबूफूल घालून तासभर ठेवली आणि मग साधी धुतली. चुन्याचा थर आम्लात विरघळतो, पॅड पुन्हा मऊ पडले. यात इलॅस्टिकवाली कव्हरं घालायची नाहीत. आणि लिंबूफूल किंवा व्हिनेगरजवळ ब्लीच कधीही आणायचं नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो. न खंगाळलेल्या, शूने भिजलेल्या डायपरवरही ब्लीच ओतू नये, तिथेही अमोनियाशी मिळून घातक वायू होतो. तिसरं, प्लंबर बोलावून मशीनचा पाइप स्वयंपाकघराच्या लाइनला जोडून घेतला. सेक्रेटरी काकांनी भुवया उंचावल्या. ऐन मे महिन्यात पिण्याच्या पाण्यात डायपर धुणं मलाही पटत नव्हतं. म्हणून तेवढे दोन महिने डायपर दिवसाआड धुतले आणि दिवसा घरात लंगोटं जास्त वापरली. रात्रीचा डायपर मात्र सकाळी उठल्याबरोबर नळाखाली खळबळून पिळायचाच. त्या एका सवयीने वास निम्म्याहून कमी झाला.

एक आपल्याकडचा खास घोळ, मालिश. तेल चोळून आंघोळ झाली तरी मांड्यांच्या वळ्यांत तेल राहतं आणि ते फ्लीसवर बसून पाणी आत शिरू देत नाही. झिंक असलेली पुरळावरची क्रीमही तसंच करते. क्रीम लावली की मध्ये मलमलीची पट्टी ठेवतो आम्ही, आणि आंघोळीनंतरचा पहिला तास लंगोटच.

पावसाळा हा खरा परीक्षेचा काळ. नाशिकला कोकणासारखा कोसळत नाही, पण त्र्यंबकच्या बाजूने ढग आले की आषाढ-श्रावणात दिवसेंदिवस झिमझिम आणि ऊन नाही. बांबू-कॉटनचा चारपदरी पॅड दुसऱ्या दिवशीही मध्ये दमट राहतो, कुबट वास धरतो. मायक्रोफायबरचा पॅड लवकर वाळतो, पण तो थेट त्वचेला लावायचा नसतो, खिशातच घालायचा. पॅड आतच शिवून टाकलेले डायपर मिळतात, ते नाशिकच्या पावसाळ्यात घेऊ नका. सगळ्यांत पुढे निघाली आईची मलमल. एकपदरी उलगडून पंख्याखाली टाकली की काही तासांत कोरडी, आणि घडी घालून कव्हरमध्ये ठेवली की काम तेच. घाई असेल तर इस्त्री फिरवली. फॅन्सी पॅडना जमत नाही ते जुन्या लंगोटाला जमलं, हे आईने शेजारीपाजारी सांगितलं आहेच.

विकतचे डायपर पूर्ण सुटले नाहीत. प्रवासात आणि जुलाब झाले तेव्हा तेच वापरले. घनकचरा नियमांनुसार ते नीट गुंडाळून, ओल्या कचऱ्यापासून वेगळे द्यायचे असतात. घंटागाडीवर काम करणाऱ्या माणसाला ते उघडे हाताळावे लागू नयेत, एवढं तरी करावं. पैशाचं म्हणाल तर कापडी परवडतात, पण पावडर, वीज, पाणी धरून जाहिरातीत दाखवतात तेवढी बचत होत नाही.

वर्ष होत आलं तसं काही कव्हरांचं मांडीजवळचं इलॅस्टिक सैल पडलं, तिथून गळायला लागलं. कोपऱ्यावरच्या शिंप्याने आधी डायपर हातात घ्यायलाच नकार दिला, धुतलेला आहे म्हटल्यावर उलटसुलट करून पाहिला आणि कडेची शिवण उसवून नवीन इलॅस्टिक ओवून दिलं. गळती थांबली. मात्र सुई पीयूएलच्या मधून जाऊ द्यायची नाही, फक्त कडेच्या पट्टीतून. हे त्याला आधीच सांगा.